टिटवी, सशीण आणि कान लावून बसलेला कोल्हा

मुलांनो, सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या उतरणीवर जंगल विरळ होत होत जिथे माळाला मिळते, तिथे एक टिटवी राहत असे. टिटवीला काही झाडावर बसता येत नाही, म्हणून माळावरच्या खड्यांतच एक उथळ खळगा करून ती अंडी घाली. संसार असा उघड्यावरचा, तेव्हा ती सदा सावध असे. कुठे गवत हलले, कुठे सावली सरकली, की ती आभाळात झेप घेई आणि टिपेच्या आवाजात सगळ्या माळाला सावध करी. तिच्या त्या आवाजाने कितीतरी पिल्लांचे प्राण वाचले होते आणि तिला त्याचा थोडासा अभिमानही होता.

माळाच्या कडेने एक ओढा वाहे. पावसाळ्यात तो असा गरजे की काठावर शेजारी बसलेल्याचे बोलणेही ऐकू येत नसे. पौषात तो गप्प होई आणि उन्हाळ्यात त्याची नुसती डबकी उरत. एरवी त्या डबक्यांवर लहान जनावरांचे भागे. पण काही वर्षांनी एखादे साल असे येई की डबक्यांच्या तळालाही भेगा पडत. मोठी जनावरे मग दोन कोसांवरच्या गावतळ्याकडे जात. लहानांना तेवढी वाट उन्हात कापवत नसे, आणि कापली तरी कुत्री टपलेली असत.

अशा सालासाठी डोंगराच्या पोटात एक कुंड होते. वरून उडत गेले तर काळ्या कातळाखेरीज काही दिसत नसे. आत शिरायला एक अरुंद कपार होती, आणि ती आत गेल्यावर सात ठिकाणी फुटत असे. प्रत्येक फाट्यावर एक वाट कुंडाकडे जाई आणि दुसरी एखाद्या खोल खड्ड्यात संपे. त्या खड्ड्यांच्या कडा पाण्याने घासून एवढ्या गुळगुळीत झाल्या होत्या की आत पडलेला वर येत नसे.

ही वाट साऱ्या माळावर एकट्या म्हाताऱ्या कासवाला ठाऊक होती. आजवर तीन दुष्काळांत त्याने सगळ्यांना आत नेले होते. अंधारात ज्याला त्याला पुढच्याची शेपटी तेवढी जाणवे. डावे कुठे, उजवे कुठे, हे कासव जाणे. सर्वांत शेवटी साळिंदर आत येई आणि कुंडाच्या तोंडाशी काटे फुलवून पाठमोरा बसे. मग बाहेरून आत यायची कोणाची छाती नव्हती. मात्र त्याआधीच कोणी आत जाऊन दबा धरून बसला असता, तर तेच कुंड सगळ्यांचा काळ ठरले असते.

आणि असा दबा धरायला एक जण अगदी तयार होता. माळाच्या वरच्या अंगाला करवंदीच्या जाळीत एक कोल्हा राहत असे. तो इतर कोल्ह्यांसारखा सशांमागे धावत नसे. तो जाळीत बसून ऐकत असे. माळावर भिंत नाही, आडोसा नाही. तिथे बोललेला शब्द वाऱ्यावर बसून जिकडे तिकडे जातो. बिळात बोलावे तर बीळच कर्णा होऊन तो शब्द बाहेर फेकते. कोल्ह्याला सगळे ऐकू येई, आणि ऐकलेले तो कधी विसरत नसे.

एका वैशाखात कासव फार थकले. चार पावलांवर त्याला धाप लागू लागली. तेव्हा सगळ्यांना एकच काळजी पडली, की आजोबा गेले तर वाट कोण सांगणार? बराच वेळ चर्चा होऊन असे ठरले, की माळावरच्या चार-पाच जणांनी सगळी वाट पाठ करून ठेवायची. कासवाला फिरवत नव्हते, म्हणून त्याच्याकडून रोज दोन वळणे ऐकून ती ज्याच्या त्याच्या घरी पोचवायचे काम टिटवीने आपणहून मागून घेतले.

पहिल्या दिवशी कासवाने तिला पहिली दोन वळणे सांगितली. टिटवी आनंदाने उडाली. सशीण माळाच्या एका टोकाला, साळिंदर दुसऱ्या टोकाला, रानकोंबडा ओढ्यापलीकडच्या झुडपात. प्रत्येकाकडे वेगळे कशाला जायचे, असे तिला वाटले, आणि सवयीप्रमाणे ती वरूनच ओरडली, "डावे, मग उजवे! डावे, मग उजवे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कपारीवरून उडत गेली, तेव्हा आत जाणाऱ्या मऊ धुळीत तिला कोल्ह्याची पावले दिसली. ती उतरून, बाहेरचा उजेड पोचत होता तिथवर, हळूहळू आत गेली. पावले पहिल्या फाट्यावर न अडखळता डावीकडे वळली होती, दुसऱ्यावर उजवीकडे. तिसऱ्या फाट्यापाशी कोल्हा बराच वेळ बसलेला दिसत होता आणि तिथूनच माघारी फिरला होता.

टिटवी त्या जागी किती वेळ उभी राहिली कोणास ठाऊक. ज्या आवाजाचा तिला अभिमान, त्याच आवाजाने तिने शत्रूला घराचा उंबरठा दाखवला होता. ती कासवाकडे गेली आणि जे झाले ते काही न लपवता सांगून टाकले.

माळावर मोठी गडबड उडाली. रानकोंबडा तर तिच्याशी बोलेना. साळिंदराचे म्हणणे पडले की आता वाट कोणाला सांगूच नये, आजोबांजवळच राहू द्यावी. कासव सगळ्यांचे ऐकून घेत होते. शेवटी ते म्हणाले, "मी उद्या डोळे मिटले तर कोल्ह्याला ती मिळणार नाही हे खरे. पण मग तुम्हालाही मिळणार नाही. गुपित माझ्याबरोबर पुरायचे असेल तर ते जपले कशाला?"

तेवढ्यावर सगळे आपापल्या घरी गेले.

टिटवी मात्र त्या दिवसापासून विचारात पडली. सांगावे तर कोल्हा ऐकतो, न सांगावे तर वाट बुडते. असे आठ-पंधरा दिवस गेले. एके दुपारी एक मुंगूस तिच्या अंड्यांच्या दिशेने येऊ लागले. ती नेहमीसारखी घरट्यापासून दूर धावली आणि तिथे, जिथे काहीच नव्हते, तिथे पंख पसरून जिवाच्या आकांताने ओरडू लागली. मुंगूस तिकडे वळले, हुंगत राहिले आणि हात हलवत निघून गेले. टिटवी अंड्यांवर येऊन बसली, आणि बसता बसता तिच्या मनात आले की माझा शब्द त्याने स्पष्ट ऐकला, तरी त्याला काही कळले नाही. म्हणजे शब्द ऐकू जाण्याची भीती नाही. ऐकलेल्या शब्दात वाट असली, तर भीती.

ती कासवाकडे गेली आणि तिने आपली कल्पना सांगितली. पुढची पाच वळणे कोणालाच सांगायची नाहीत. त्याऐवजी पाच पळसाची पाने उंचावरून सोडायची. पान गुळगुळीत बाजू वर करून पडले तर म्हणायचे 'डावे', लवदार बाजू वर आली तर 'उजवे'. अशी पाच शब्दांची एक खोटी वाट तयार होईल; ती ना कोणाच्या मनातली, ना कुंडाकडे नेणारी. ती दोघांना पाठ करायला द्यायची. मग कासवाने खरी वाट आणि खोटी वाट मनातल्या मनात शेजारी ठेवायची. जिथे दोन्ही जुळतात तिथे 'तेच' म्हणायचे, जिथे जुळत नाहीत तिथे 'उलट'. हे पाच शब्द आणखी दोघांना द्यायचे. पहिल्या दोघांपैकी एक आणि दुसऱ्या दोघांपैकी एक, असे दोघे एकत्र आले की वाट जुळेल. एकट्याकडे काहीच नसेल. अर्धी वाटसुद्धा नसेल.

कासवाने डोळे मिटून पुन्हा पुन्हा जुळवून पाहिले. "टिटवीबाई," ते म्हणाले, "हे तुला सुचले. मग तूच सगळी वाट ऐकून घे आणि दोन्ही याद्या बनव. मला आता आठवायला वेळ लागतो."

टिटवी म्हणाली, "नको आजोबा. माझ्याजवळ पुरी वाट देऊ नका. माझा गळा मला माहीत आहे."

कासव हसले. पावसाळा येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. श्रावणात ओढा दुथडी भरून गरजू लागला, तेव्हा त्या गर्जनेच्या अगदी कुशीत बसून कासवाने एकेकाला जवळ बोलावले. खोट्या वाटेचे पाच शब्द त्याने सशिणीला आणि साळिंदराला दिले. 'तेच' आणि 'उलट'चे पाच शब्द टिटवीला आणि रानकोंबड्याला दिले. जाळीत बसलेल्या कोल्ह्याला त्या दिवशी पाण्याखेरीज काही ऐकू आले नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी कासव गेले. खरी वाट आता माळावर कोणाच्याच डोक्यात नव्हती. ती चौघांच्या मध्ये कुठेतरी होती.

तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. टिटवीलाही तसेच वाटले होते.

त्याच पौषात रानमांजराने रानकोंबड्याला नेले. 'तेच-उलट'ची यादी आता एकट्या टिटवीजवळ उरली. तिला काही झाले असते तर दुसरी यादी असून नसल्यासारखी. म्हणून तिने ती रानकोंबड्याच्या कोंबडीला द्यायचे ठरवले. पण कोंबडी भित्री, झुडूप सोडून उघड्यावर यायची नाही. आणि ओढा तर सुकून गप्प झालेला. टिटवीने विचार केला, कोल्ह्याने ऐकले म्हणून काय बिघडते? एका यादीत काहीच नाही. तिने ओढ्याच्या काठावरून कोंबडीला स्वच्छ आवाजात सांगितले : "तेच, उलट, उलट, तेच, उलट." कोंबडीने ते पाठ केले. दिवस गेले. खरोखरच काही बिघडले नाही.

पुढच्या वर्षी पाऊस रुसला. ओढा गरजला नाही, धड वाहिलाही नाही. माघातच डबकी आटायला लागली, आणि चैत्र लागला तेव्हा एकाच डबक्यात ढोपरभर चिखल उरला होता. कुंडाकडे निघायची वेळ जवळ येत होती. पण फार आधी गेले तर कुंडातलेही पाणी पुरत नसे, म्हणून सगळे दिवस ढकलत होते. त्यातच म्हातारा साळिंदर वारला.

आता खोट्या वाटेची यादी एकट्या सशिणीजवळ होती. सशीण पायाने लंगडी झाली होती. पंजात रुतलेल्या काट्याने पाय सुजला होता. धावता न येणारा ससा माळावर किती दिवस जगणार, हे तिला पुरते ठाऊक होते. तिने साळिंदराच्या मुलाला टिटवीकरवी निरोप धाडला, की उद्या सकाळी ये, तुझ्या बापाचे शब्द तुला देते.

त्याच सकाळी टिटवी करवंदीच्या जाळीवरून चालली होती. कोल्हा जाळीबाहेर उन्हात बसला होता. त्याचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. टिटवीला वाटले, उन्हाने धापा टाकतो आहे. पण ओठ एका ठेक्यात हलत होते. ती वाऱ्यावर तशीच तरंगत राहिली आणि नीट पाहू लागली. एक लहानसा शब्द, मग दोन मोठे, मग एक लहान, मग एक मोठा. पुन्हा तेच. आणि पुन्हा.

ते तिचेच पाच शब्द होते. सव्वा वर्ष झाले होते, तरी कोल्हा त्यांची उजळणी करत होता.

 एका यादीत काही नाही, हे खरेच होते. पण कोल्ह्याला घाई कुठे होती? याद्या जुळवायची रीत त्याने टिटवी कासवाला सांगत असतानाच ऐकली असणार, आणि आता तो दुसऱ्या यादीची वाट पाहत होता. आणि ती आज, आता, माळाच्या दुसऱ्या टोकाला त्याला ऐकू जाणार होती.

तिने पंख मारले ते सशिणीच्या झुडपापाशीच थांबवले. लहान साळिंदर समोर बसला होता आणि सशिणीने तोंड उघडलेच होते. टिटवी मध्ये उतरली आणि एक अक्षर न बोलता पंख पसरून उभी राहिली. मग ती सशिणीच्या कानाला चोच लावून म्हणाली, की आज नको.

सशीण रागावली. "आज नको, मग कधी?" ती म्हणाली. "आज रात्री मला कोणी नेले तर? तुझी यादी घेऊन तू काय करशील?"

तिचे म्हणणे चूक नव्हते. हीच तर टिटवीची अडचण होती. सांगितले तर कोल्ह्याकडे दोन्ही याद्या जमतात आणि तो उद्याच आत जाऊन बसतो. न सांगितले तर सगळ्यांचे पाणी एका लंगड्या सशिणीच्या श्वासावर टांगून राहते. ओढ्याच्या गर्जनेची वाट पाहावी तर यंदा ओढाच नव्हता. कानात कुजबुजावे, तर कोल्ह्याच्या कानांतून कुजबुजही सुटत नसे. साळिंदराला डोळ्यांनी काही खूण करून द्यावी, तर साळिंदराच्या जातीला दिवसा धड दिसत नाही. त्याला जे द्यायचे ते कानातूनच द्यायला हवे.

टिटवी पुन्हा सशिणीच्या कानाशी वाकली आणि तिने तिला एवढेच विनवले, की मला दुपारपर्यंतचा वेळ दे. मग ती एका धोंड्याच्या सावलीत जाऊन बसली.

कोल्ह्याजवळ आपली यादी आहे, ती काही त्याच्या डोक्यातून काढता येत नाही. पण आपली यादीच आपण बदलली तर? आपली बदलायची तर सशिणीचीही बदलायला हवी, आणि दोन्ही अगदी सारख्या बदलायला हव्यात. मुलांनो, हे तुम्ही बोटांवर करून पाहा. सशीण म्हणते 'डावे', टिटवी म्हणते 'उलट', वाट उजवी. आता दोघींनीही आपापला शब्द फिरवला. सशीण म्हणते 'उजवे', टिटवी म्हणते 'तेच'. वाट उजवीच राहिली. शब्द दोन्हीकडे पालटले आणि वाट जागच्या जागी! फक्त कोणता शब्द फिरवायचा आणि कोणता ठेवायचा, हे दोघींना एकदम कळले पाहिजे आणि कोल्ह्याला कळता कामा नये.

टिटवीने माळावर नजर टाकली. सपाट, उघडा माळ. इथे शब्द कोसभर जातो; पण जमिनीवर पडलेले पान पाहायला मात्र दहा पावलांवर यावे लागते. आणि टिटवीच्या डोळ्यांदेखत त्या माळावर दहा पावलांत यायला कोणाला जमले होते?

ती ओढ्यापलीकडे गेली. कोंबडीकडेही तीच यादी होती, तेव्हा तिला सोडून चालणार नव्हते. उघड्या माळावर भर दुपारी यायचे ऐकून कोंबडी झुडपात आणखी आत सरकली. वर घार फिरत होती. टिटवीने तिला जोर केला नाही; तिने कोंबडीला झुडपाच्या कडेपर्यंत नेले आणि तिथून, आटत आलेल्या डबक्याच्या शेवटच्या चिखलात तोंड घालून बसलेली तिची पिल्ले दाखवली.  थोड्या वेळाने कोंबडी टिटवीच्या सावलीसावलीने, अंग चोरत, झुडूप सोडून बाहेर आली. जन्मात पहिल्यांदाच ती उघड्या आभाळाखाली चालत होती.

माळाच्या मधोमध तिघी जमल्या. टिटवीने सशिणीला आणि कोंबडीला चोचीने जमिनीवर बसते केले. एक पान गुळगुळीत बाजू वर ठेवून ती तशीच उभी राहिली, मग ते उलटे करून तिने स्वतःही पाठ फिरवली; गुळगुळीत तर आपला शब्द ठेवायचा, लवदार तर फिरवायचा, हे दोघींनी ओळखले. मग पाच वाळकी पळसपाने घेऊन ती वर गेली. वरून तिने चारी बाजूंना पाहिले. कोल्हा जाळीच्या तोंडाशी कान टवकारून बसला होता. दूर, पुष्कळ दूर. तिने पहिले पान सोडले.

ते गुळगुळीत बाजू वर करून पडले. पहिला शब्द तसाच ठेवायचा.

दुसरे पान गिरक्या घेत आले आणि लवदार बाजू वर करून पडले. दुसरा शब्द फिरवायचा. तिसरे आणि चौथे गुळगुळीत. पाचवे पुन्हा लवदार. सशीण पाहत होती, कोंबडी पाहत होती, आणि त्या दुपारी माळावर शब्द म्हणून निघाला नाही. पाचवे पान पडताच टिटवी उतरली, तिने ती पाने पायाने विस्कटली, आणि वारा ती घेऊन गेला.

सशिणीने मान हलवली. तिला कळले होते. मग तिने साळिंदराच्या मुलाला जवळ बसवून आपले नवे पाच शब्द त्याला सांगितले. तिने आवाज दाबला नाही. साळिंदर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा त्याने बरोबर म्हणून दाखवले. टिटवी तेवढा वेळ जाळीकडे पाहत होती. कोल्ह्याचे ओठ हलले. मग तो उठला, आळस दिला आणि चालू लागला. घाई त्याला त्या दिवशीही नव्हती.

पुढच्या चार दिवसांत कोल्हा कोणाला दिसला नाही. माळावरच्यांना बरे वाटले. टिटवीला मात्र बरे वाटले नाही.

पाचव्या दिवशी शेवटचे डबके आटले. पहाट फुटताना सगळे कपारीपाशी जमले. ससे, तितर, कोंबडीची पिल्ले, दोन घोरपडी, मुंगसाचे कुटुंबसुद्धा; तहान लागली की जुनी वैरे बाजूला राहतात. पुढे सशीण आणि टिटवी, सर्वांत मागे लहान साळिंदर. पहिली दोन वळणे सगळ्या माळाला ठाऊकच होती. तिसऱ्या फाट्यापासून मात्र टिटवीने आधीच बजावून ठेवले होते, की आत कोणी शब्द काढायचा नाही. सशिणीने आपले अंग टिटवीच्या ज्या कुशीला टेकवायचे, ती तिची दिशा. आणि टिटवीने 'तेच' किंवा 'उलट' स्वतःशी म्हणून पाऊल टाकायचे. मागच्यांनी शेपटी धरून यायचे.

तिसऱ्या फाट्यावर सशीण डावीकडे टेकली. 'तेच.' टिटवी डावीकडे वळली. चौथ्या फाट्यावर सशीण उजवीकडे टेकली. हा टिटवीचा फिरवलेला शब्द. जुन्या यादीत तो 'उलट' होता, आता 'तेच'. तिचे पाऊल क्षणभर अडले. आपण फिरवला आणि सशिणीने फिरवायचे राहून गेले असेल तर? मागे साठ-सत्तर जीव होते. तिने सशिणीवर विश्वास ठेवला आणि ती उजवीकडे वळली.

तेवढ्यात डावीकडच्या वाटेतून, खालून कुठूनतरी, एक घोगरा आवाज आला. पिल्ले जागच्या जागी थिजली.

"कोण जाते आहे?" आवाज म्हणाला. "टिटवी का? मी पडलो आहे. सगळे शब्द बरोबर जुळवले होते मी. तुझे आणि सशिणीचे. एकही चुकलो नव्हतो."

टिटवी थांबली. तिच्या मनात राग असायला हवा होता. दोन वर्षे ती त्या कानांच्या भीतीने झोपली नव्हती. पण त्या आवाजात तहान होती, आणि तहान काय असते हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

"टिटवे," कोल्हा म्हणाला, "वाट सांग."

टिटवीने अगदी हळू उत्तर दिले. "माझ्याजवळ वाट नाही, कोल्होबा. कधीच नव्हती."

 बहुधा कोल्ह्याचा विश्वास बसला नसावा. तुम्हाला त्याची काळजी लागली असेल म्हणून सांगून ठेवायला हवे, की त्या खड्ड्याच्या तळाशी कातळाला थोडी ओल होती. ती चाटून आणि वरून पडणारे किडे-पाकोळ्या खाऊन तो पावसाळ्यापर्यंत तगला. पुढे खड्डा पाण्याने भरला, तसा तो पोहत वर आला आणि डोंगर ओलांडून निघून गेला. पण हे सगळे नंतरचे. त्या दिवशी टिटवीला ते ठाऊक नव्हते, आणि पुढची वळणे चालताना त्या आवाजाचे ओझे तिच्या मनावर होते.

पाचवा फाटा. सहावा. सातव्याला पुन्हा एक फिरवलेला शब्द. सशिणीचा सुजलेला पाय आता उचलत नव्हता. ती टिटवीच्या कुशीला टेकली ती सगळा भार टाकूनच टेकली. टिटवी वळली. पुढे अंधार दाट झाला, मग गार झाला. आणि मग तिच्या पायाला पाणी लागले.

मागची रांग एकेक करून आत आली. सर्वांत शेवटी लहान साळिंदर आला, तोंडाशी पाठमोरा बसला, आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदाच बापासारखे काटे फुलवले. कोंबडीची पिल्ले काठावर रांगेने वाकली होती. सशीण पाय पाण्यात सोडून डोळे मिटून पडली होती. टिटवीने चोच भरून पाणी घेतले, मान वर करून गिळले, आणि त्या काळोखात चारी बाजूंनी येणारा लपलप आवाज ती ऐकत राहिली. घरून निघताना वाट कोणालाच ठाऊक नव्हती, आणि पोचले मात्र सगळे होते.

तात्पर्य : गुपित एकट्याजवळ ठेवले तर त्याच्याबरोबर बुडते, आणि चारचौघांत बोलले तर फुटते, म्हणून ते असे वाटून ठेवावे की एकट्याचा वाटा कोणाच्या कामाचा नसावा, आणि परक्या कानावर गेलेला वाटा वेळ न दवडता बदलावा.